गूळ ‘स्वीटली’ लागत नाही

वाचकांच्या इंग्रजी शंका

या महिन्याच्या टपालात एकाच जातीच्या क्रियापदांबद्दल इतकी विचारणा आली की बाकीची पत्रं बाजूला ठेवली. काळ आणि प्रयोगवाल्यांनी रागावू नये, त्यांचा नंबर पुढच्या अंकात.

बाई, शाहू मार्केट यार्डात आमचं गुळाचं दुकान आहे. माल बहुतेक गुजरातला जातो. आता एका परदेशी खरेदीदाराची इंग्रजीतून विचारपूस सुरू आहे. मी त्याला लिहिलं, ‘अवर जॅगरी टेस्ट्स व्हेरी स्वीटली अँड लुक्स येलो.’ बारावीतलं पोरगं म्हणतंय, ‘स्वीटली’ चूक, ‘स्वीट’ पाहिजे. पण क्रियापदाबद्दल माहिती सांगणाऱ्या शब्दाला ‘एल-वाय’ लागतो, असं तुम्हीच वर्गात शिकवलंय. मग खरं कुणाचं?
— तुमचा एक जुना विद्यार्थी, कोल्हापूर

पोराचं खरं. आणि मी शिकवलेलंही खरं, फक्त तू ते अर्धंच लक्षात ठेवलंस. क्रियापदाबद्दल सांगणारा शब्द क्रियाविशेषण, हे बरोबर. पण तुझ्या वाक्यात गोड काय आहे? लागण्याची क्रिया गोड आहे का गूळ गोड आहे? गूळ. म्हणजे तो शब्द गुळाचं विशेषण आहे, आणि विशेषणाला ‘एल-वाय’ची शेपटी लावायचं कारण नाही.

माझं सासर कागल तालुक्यातलं, त्यामुळे गुऱ्हाळ मी पुष्कळ बघितलंय. तूही बघितलं असशीलच. काहिलीतला रस आटत आला की गुळव्या त्याच्याकडे टक लावून बघतो, थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का ते चाचपतो. इंग्रजीत लिही: ‘द गुळव्या लुक्ड ॲट द सिरप केअरफुली.’ इथं ‘लुक’ ही खरीखुरी क्रिया. माणूस बघतोय, आणि कसा बघतोय ते ‘केअरफुली’ सांगतं. आता दुसरं: ‘द सिरप लुक्ड थिक.’ पाक काही बघत नाही, त्याला डोळे नाहीत. पाक घट्ट दिसतोय एवढंच. या दुसऱ्या वाक्यात ‘लुक’ हे गणितातल्या बरोबरच्या चिन्हाचं काम करतं: डावीकडे पाक, उजवीकडे घट्ट. अशा क्रियापदाला लिंकिंग व्हर्ब म्हणतात आणि त्याच्या उजवीकडच्या शब्दाला कॉम्प्लिमेंट. (एखाद्याची तारीफ करतो तो कॉम्प्लिमेंट वेगळा. उच्चार तोच, स्पेलिंगमध्ये मधलं अक्षर तिकडे ‘आय’, इकडे ‘ई’.) मराठीच्या वाक्यपृथक्करणात आपण ‘विधानपूरक’ नावाचा रकाना भरायचो, तोच हा. मी पुढे नुसतं ‘पूरक’ म्हणेन.

ओळखायचं कसं? क्रियापद काढ आणि तिथं ‘इज’ किंवा ‘वॉज’ ठेवून बघ. ‘द सिरप वॉज थिक’: वाक्य उभं राहिलं, अर्थही जवळपास तोच. ‘द गुळव्या वॉज ॲट द सिरप केअरफुली’: कोसळलं. ‘अवर जॅगरी इज स्वीट’ उभं राहतं, तेव्हा ‘टेस्ट्स स्वीट’. पंचेंद्रियांची पाचही क्रियापदं, लुक, साउंड, स्मेल, टेस्ट, फील, अशी दुहेरी वागतात. कधी माणूस चव घेतो, कधी पदार्थाला चव असते. चव घेणारा माणूस असेल तर ‘ही इज टेस्टिंग द जॅगरी’ असं चालू वर्तमानकाळात खुशाल म्हण. पण ‘द जॅगरी इज टेस्टिंग स्वीट’ म्हणू नकोस, आपल्याकडे ते सर्रास ऐकू येतं तरी. लिंकिंगचं काम करताना ‘टेस्ट’ साध्या वर्तमानकाळातच शोभतं.

गंमत म्हणजे तुझ्याच वाक्याच्या उत्तरार्धात तू ‘लुक्स येलो’ बरोबर लिहिलंस. ‘येलोली’ काही तुझ्या हातून आलं नाही. का, ते मराठीत बघ. गूळ पिवळा दिसतो, काकवी पिवळी दिसते, रवे पिवळे दिसतात. शब्द कर्त्याच्या लिंगावचनाप्रमाणे बदलतोय, म्हणजे तो कर्त्याचा आहे हे कानालाच कळतं. ‘गोड’ मात्र कुणासाठीच बदलत नाही. गूळही गोड, काकवीही गोड. म्हणून तिथं तू फसलास.

पण ही मराठीची खूण डोळे मिटून वापरू नकोस, कारण तीच उलटी फसवते. ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते.’ शब्द इथंही बदलला, पण इंग्रजीला तो गाण्याबद्दलचा वाटतो: ‘शी सिंग्ज वेल.’ पालक सभेत ‘माय डॉटर स्पीक्स इंग्लिश गुड’ असं अभिमानानं सांगणारे वडील मी किती बघितले असतील. त्यांच्या डोक्यात ‘चांगली बोलते’ होतं आणि ‘चांगली’ म्हणजे ‘गुड’. ‘इज’ची परीक्षा इथं लगेच बोलते: ‘माय डॉटर इज इंग्लिश’ झालं की मुलगी थेट विलायतेची होते.

पत्र दुरुस्त करताना ‘येलो’च्या आधी ‘गोल्डन’ घाल. हा व्याकरणाचा सल्ला नाही, धंद्याचा आहे.

मॅडम, सर म्हणतात ‘लुक्ड अँग्री’ आणि ‘लुक्ड अँग्रिली’ दोन्ही बरोबर. दोन्ही बरोबर कशी असतील? पेपरात काय लिहू?
— इयत्ता दहावी, गडहिंग्लज

सर बरोबर सांगतात. ‘शी लुक्ड अँग्री’: ती रागावलेली दिसली. ‘शी लुक्ड ॲट मी अँग्रिली’: तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं. पुढं ‘ॲट’ असेल तर बहुतेक वेळा बघण्याची क्रिया आहे असं समज. ‘अपीअर’चंही तसंच. खासबाग मैदानात पैलवान अचानक हजर झाला तर ‘द रेसलर अपीअर्ड सडनली’, आणि दमलेला वाटला तर ‘द रेसलर अपीअर्ड टायर्ड’. पेपरात आधी अर्थ विचार, मग शेपटी.

मी हॉटेलच्या रिसेप्शनवर आहे. मॅनेजर म्हणतात, ‘इट इज मी’ अशुद्ध, ‘इट इज आय’ म्हणत जा. पण तसं म्हटलं की पाहुणे हसतात.
— एक वाचक, ताराबाई पार्क

पाहुणे हसतात कारण आज तसं कुणी बोलत नाही. मॅनेजरसाहेबांचा नियम कुठून आला ते सांगते. रॉबर्ट लाउथ नावाचे इंग्रज धर्मगुरू होते, पुढं ते लंडनचे बिशप झाले. १७६२ साली त्यांनी इंग्रजीचं एक छोटं व्याकरण छापलं आणि ‘बी’ या क्रियापदानंतर नेहमी प्रथमाच येते, म्हणजे ‘आय’, ‘ही’, ‘शी’, असं त्यात लिहिलं. लॅटिनमध्ये ते खरंच तसं आहे. पूरक कर्त्याबरोबरीचा, तर त्याची विभक्तीही कर्त्याची, हा हिशेब कागदावर नीट बसतो. पण इंग्रजी बोलणाऱ्यांनी क्रियापदानंतरची जागा ‘मी’, ‘हिम’, ‘हर’ यांना देऊन टाकली आणि ते तिथंच स्थिरावले. आपण मराठीत ‘मीच आहे’ म्हणतो, ‘मलाच आहे’ कधी म्हणणार नाही, म्हणून आपल्याला ‘इट इज आय’ आतून बरोबर वाटतं.

तुम्हाला नोकरी करायची आहे, वाद घालायचा नाही. फोनवर कुणी तुमचंच नाव घेऊन विचारलं तर ‘स्पीकिंग’ म्हणा. मॅनेजरही खूश, पाहुणाही.

करवीर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवतो. ‘शी मेड हिम टी’ आणि ‘दे मेड हिम किंग’ ही दोन वाक्यं मुलांना सारखीच दिसतात. ‘हिम’ एक कर्म, पुढचा शब्द दुसरं कर्म, असं लिहून मोकळी होतात. पटेल असं कसं समजवावं?
— एक शिक्षक

सर, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. हा भाग पुस्तकात अर्ध्या पानात उरकलेला असतो आणि मुलं त्यावरून घसरत जातात.

वर गुळाच्या उत्तरात पूरक कर्त्याचा होता. इथं तो कर्माचा आहे. ‘हिम’ आणि ‘किंग’ ही एकच व्यक्ती. ‘हिम’ आणि ‘टी’ मात्र एक नाहीत, नाहीतर बिचारा कपात जाईल. हे मुलांना हसवून सांगता येतं. मग फळ्यावर दुसरी परीक्षा घ्या: शब्दांची जागा बदलून ‘फॉर’ घाला. ‘शी मेड टी फॉर हिम’ चालतं, म्हणून ती दोन कर्मं. ‘दे मेड किंग फॉर हिम’ चालत नाही, म्हणून ‘किंग’ हे कर्म नव्हे, पूरक. ‘गिव्ह’सारख्या क्रियापदाला ‘फॉर’ऐवजी ‘टू’ घ्या.

मराठीतूनही एक वाट आहे आणि माझ्या वर्गात ती हमखास चालायची. मुलांना ही दोन वाक्यं द्या: ‘तिनं त्याला भाकरी केली.’ ‘त्यांनी तिला राणी केलं.’ भाकरी स्त्रीलिंगी, क्रियापद ‘केली’ झालं, कारण भाकरी हे कर्म आहे आणि क्रियापद त्याच्या मागं जातं. राणीही स्त्रीलिंगीच, तरी ‘केलं’ तसंच राहिलं. राणीला क्रियापद ओळखच देत नाही, कारण ती कर्म नाही, ‘तिला’चं पूरक आहे. एखादं पोरगं उठून म्हणेल, आमच्याकडं ‘त्येला राजा केला’ म्हणत्यात. म्हणतात, खरं आहे. बोलीत तसं चालतं. या परीक्षेपुरती प्रमाण मराठी घ्या असं सांगा आणि पुढं चला. बोलीला चूक म्हणू नका.

उदाहरणांसाठी पाठ्यपुस्तकातल्या टॉम आणि मेरीकडे जायची गरज नाही, आपल्या गावाचा इतिहास पुरतो. कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव १७ मार्च १८८४ ला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला: ‘दे नेम्ड हिम शाहू.’ ‘हिम’ तोच ‘शाहू’, म्हणजे कर्माचं पूरक. २ एप्रिल १८९४ ला कारभाराची सूत्रं हाती आली: ‘ही बिकेम द रूलर ऑफ कोल्हापूर.’ आता पूरक कर्त्याचं. १९०२ मध्ये महाराज विलायतेला गेले तेव्हा केंब्रिज विद्यापीठानं सन्माननीय पदवी दिली: ‘केंब्रिज गेव्ह हिम ॲन ऑनररी डिग्री.’ महाराज म्हणजे पदवी नव्हेत, म्हणून दोन कर्मं. आणि १९१९ मध्ये कानपूरला कुर्मी समाजानं त्यांना राजर्षी म्हटलं: ‘दे कॉल्ड हिम राजर्षी.’ पुन्हा कर्माचं पूरक. एका माणसाच्या आयुष्यात तिन्ही रचना मिळाल्या. मुलांना सनावळीही फुकटात पाठ होते, इतिहासाचे सर तुमचे आभार मानतील.

आता कर्मणी प्रयोग करायला लावा. ‘ही वॉज नेम्ड शाहू.’ कर्म उठून कर्त्याच्या जागी बसलं आणि त्याचं पूरक त्याच्याबरोबर गेलं. जे कर्माचं पूरक होतं ते आता कर्त्याचं झालं. ‘ही वॉज गिव्हन ॲन ऑनररी डिग्री’ मध्ये मात्र पदवी होती तशीच कर्म राहते. नववीच्या हुशार मुलांना हे आवडतं, बाकीच्यांना सक्ती करू नका.

एक बारकावा आणखी. ‘दे मेड हिम किंग’ मध्ये ‘अ’ किंवा ‘द’ लागत नाही. एका वेळी एकच जण बसतो असं पद पूरक म्हणून आलं की आर्टिकल गळतं: ‘दे मेड हिम कॅप्टन’, ‘दे इलेक्टेड हर चेअरपर्सन’. पण संघात खेळाडू अनेक असतात, म्हणून ‘दे मेड हिम अ डिफेंडर’. पेठांच्या फुटबॉलवर जीव टाकणारी मुलं तुमच्या वर्गात असणारच. त्यांना शाहू स्टेडियमवरचीच उदाहरणं द्या.

नातवाबरोबर मीही इंग्रजी शिकते आहे. गंगावेशीतून आणलेलं म्हशीचं दूध उन्हाळ्यात नासलं, तेव्हा मी म्हटलं, ‘मिल्क बिकेम बॅड.’ नातू हसला. ‘झालं’ म्हणजे ‘बिकेम’ ना?
— एक आजी, मंगळवार पेठ

आजी, तुमच्या-माझ्या वयात फार अंतर नसावं, पण तुम्ही स्वतःला आजी म्हणवलंत तर मीही म्हणते. तुमचं वाक्य कळतं, चूक म्हणवत नाही. फक्त इंग्रज तसं म्हणत नाही. आपण सगळीकडे ‘झालं’ आणि ‘पडलं’वर भागवतो. इंग्रजीनं प्रत्येक बिघाडाला आपापलं क्रियापद वाटून दिलंय, आणि ती सगळी लिंकिंगच आहेत.

दूध ‘वेंट बॅड’ किंवा ‘टर्न्ड सॉवर’. ‘गो’ला बहुधा वाईटाचीच संगत: टक्कल पडलं तर ‘वेंट बॉल्ड’, दृष्टी गेली तर ‘वेंट ब्लाइंड’, डोकं फिरलं तर ‘वेंट मॅड’. स्वप्न खरं झालं तर ते ‘केम ट्रू’. ‘टर्न’ला रंग आवडतात: पानं पिवळी पडली, ‘टर्न्ड येलो’. आजारी पडलं आणि डोळा लागला या दोन्हींना ‘फेल’: ‘फेल इल’, ‘फेल अस्लीप’. विहीर आटली, ‘रॅन ड्राय’. हळूहळू होणाऱ्या गोष्टींना ‘ग्रो’: ‘ग्रू ओल्ड’, ‘ग्रू डार्क’. उसालाही ‘ग्रो’च, पण शेतकरी ऊस पिकवतो तेव्हा ऊस हे कर्म, ती खरी क्रिया. आणि भिजणं, दमणं, उशीर होणं असल्या रोजच्या गोष्टींना ‘गेट’: ‘आय गॉट वेट’.

या ‘गेट’ला पुढं नाम चालत नाही हे मात्र ध्यानात असू द्या. नातू उद्या डॉक्टर झाला तर ‘ही बिकेम अ डॉक्टर’ म्हणायचं. ‘ही गॉट अ डॉक्टर’ म्हणालात तर शेजारीण विचारेल, सून कुठल्या दवाखान्यात असते? ‘टर्न’ला नाम चालतं, पण आर्टिकलशिवाय: पैलवान राजकारणात गेला, ‘ही टर्न्ड पॉलिटिशियन’. नातवाला हे माहीत आहे का विचारा. आता हसायची पाळी तुमची.

‘ही इज ॲट रंकाळा’ यात ‘ॲट रंकाळा’ पूरक की क्रियाविशेषण? एका मार्गदर्शकात एक उत्तर, दुसऱ्यात दुसरं.
— स्पर्धा परीक्षेचा उमेदवार

दोघांचीही बाजू आहे. ते शब्द काढले तर ‘ही इज’ अधांतरी लोंबतं, म्हणून काही जण त्याला पूरक म्हणतात. पण ते ‘कसा आहे’ सांगत नाही, ‘कुठं आहे’ सांगतं, म्हणून काही जण क्रियाविशेषणात घालतात. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८५ साली इंग्रजीचं जे भलंमोठं व्याकरण लिहिलं त्यात वाक्याचे सात साचे धरले आहेत, आणि त्यात या रचनेला वेगळा साचा दिला: कर्ता, क्रियापद आणि टाळता न येणारं क्रियाविशेषण. मला हे पटतं. परीक्षेत चार पर्यायांत क्रियाविशेषण दिसलं तर ते घ्या. फक्त ‘ही इज इन ट्रबल’, ‘शी इज आउट ऑफ डेंजर’ यांना त्यात ओढू नका. तिथं जागा नाही, अवस्था आहे. ते पूरकच.

चप्पल लाइनीत दुकान आहे. बोर्डावर ‘अवर स्पेशालिटी आर कापशी चप्पल्स’ असं लिहून घेतलंय. एका गिऱ्हाइकानं चूक काढली. चप्पल अनेक आहेत, मग ‘आर’ का नको?
— एक दुकानदार

कारण क्रियापद कर्त्याचं ऐकतं, पूरकाचं नाही. कर्ता ‘स्पेशालिटी’, तो एकवचनी, म्हणून ‘इज’. मराठीत आपण ‘आमची खासियत म्हणजे कापशी चपला’ असं म्हणतो. क्रियापदच लागत नाही, म्हणून हा पेच आपल्याला कधी पडत नाही. पण ‘इज चप्पल्स’ कानाला टोचतं हेही खरं. उलटा करा: ‘कापशी चप्पल्स आर अवर स्पेशालिटी.’ मालाचं नावही आधी आलं. रंगाऱ्याला बोलावलंच आहे तर खाली भौगोलिक मानांकनाचाही उल्लेख करून घ्या. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ मध्ये मिळालंय.

मुलाखतीत मी म्हणालो, ‘आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन अकाउंट्स.’ समोरचे तिघंही एकमेकांकडे बघायला लागले. काय चुकलं?
— नुकताच बी.कॉम. झालेला, इचलकरंजी

‘ॲम’ लिंकिंग, पुढचा शब्द तुझं वर्णन करतो. ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे दुसऱ्याला रस वाटायला लावणारा. तू स्वतःलाच मोठा मजेशीर माणूस म्हणालास. ज्याला रस वाटतो तो ‘इंटरेस्टेड’. तासाला कंटाळलेली मुलं ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणतात ती याच वाटेनं जातात. कंटाळा आणणारं ते ‘बोअरिंग’, कंटाळलेला तो ‘बोअर्ड’. ‘टायरिंग’ आणि ‘टायर्ड’, ‘कन्फ्यूझिंग’ आणि ‘कन्फ्यूज्ड’ तसंच. पुढच्या मुलाखतीला म्हण: ‘आय ॲम इंटरेस्टेड इन अकाउंट्स.’ त्यातलं ‘व्हेरी’ही काढून टाक. रस किती आहे ते त्यांना ताळेबंदावरचे प्रश्न विचारल्यावर कळेलच.